जुन्या एसयूव्हीतला आवाज: शॉकअप बदलण्याआधी एवढे पाहा

सफारी, स्कॉर्पिओ, बोलेरो, क्वालिस, डस्टर, कुठलीही असो. दहा-बारा वर्षांची गाडी खालून वाजायला लागली की पहिला संशय शॉकअपवर जातो आणि चारही नवे घातले जातात. चार दिवसांनी आवाज तसाच! कारण साधे आहे. शॉकअपचे काम स्प्रिंगचे डोलणे थांबवणे. तो कामातून गेला की गाडी वाजण्यापेक्षा डोलते: गतिरोधक ओलांडल्यावर दोन-तीनदा वरखाली होते, वळणावर सैल वाटते, टायर जागोजागी खोलगट झिजतात. टकटक, ठकठक करणारे भाग बहुधा वेगळेच असतात: लिंक रॉड (जोडदांडी), बुश (सांध्यातले रबरी अस्तर), बॉल जॉइंट (चाकाकडचा गोळ्याचा सांधा).

म्हणून गॅरेजमध्ये आमचा पहिला प्रश्न असतो, आवाज कधी येतो? कुठून येतो ते नंतर. गाडीच्या सांगाड्यातून आवाज फिरतो, मागचा पुढे ऐकू येतो. वेळ मात्र फसवत नाही.

एकच चाक खड्ड्यात गेल्यावर टकटक

फेरीबोटीच्या फळीवर पुढची दोन्ही चाके एकदम चढतात तेव्हा गाडी गप्प. पलीकडे उतरून गावच्या रस्त्याला लागलात, २०-३० च्या वेगात एकच चाक खड्ड्यात गेले की टकटक. असे असेल तर अँटी-रोल बारचे लिंक रॉड किंवा त्याचे बुश आधी पाहावेत. हा बार डाव्या-उजव्या चाकांना जोडतो. दोन्ही चाके सारखी उचलली तर तो नुसता फिरतो, एकच उचलले तर पिळला जातो आणि ढिला सांधा वाजतो. खात्री करायला आम्ही दोन्ही बाजूंचे लिंक सोडतो, बार कुठे आपटणार नाही असा बांधतो आणि गाडी हळू फिरवून आणतो. आवाज बंद झाला तर निदान पक्के. (लिंक नसताना गाडी वळणावर जास्त कलते, त्यामुळे हा प्रयोग हमरस्त्यावर करायचा नाही.)

ब्रेक मारताना एक ठक, निघताना दुसरी

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना हे नीट कळते. लोअर आर्मच्या (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशमधले रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलेले असते, त्यामुळे ब्रेक लागला की आर्म मागे सरकतो आणि सोडला की पुढे येतो. सोबत गाडी ब्रेकवर एका बाजूला ओढत असेल तर संशय आणखी बळावतो. रबराला वरवर बारीक चिरा पडल्या म्हणून बुश बाद होत नाही. टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म हलवल्यावर रबर आणि नळी यांत फट उघडली तर तो बाद.

नवा बुश सहा महिन्यांत फाटला, अशी तक्रार येते तेव्हा दोष नेहमी पार्टचा नसतो. गाडी जॅकवर, चाके लोंबकळलेली, आणि त्याच अवस्थेत बोल्ट पक्का आवळला तर रबर त्या स्थितीत पकडले जाते. गाडी खाली आल्यावर ते कायमचे पिळलेले राहते आणि लवकर तुटते. बोल्ट आधी हाताने बसवायचा, गाडीचे वजन चाकांवर आणायचे, मगच शेवटचा आवळा द्यायचा. काम कुठेही करून घ्या, पण हे मात्र उभे राहून बघा.

चाक हलवून पाहणे

चाक उचलून वर-खाली धरून हलवा, मग डावीकडे-उजवीकडे. वर-खाली खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. फक्त आडवा खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचा भाग.

जॅक कुठे लावता यावर सगळे अवलंबून आहे. जुन्या सफारीला किंवा क्वालिसला पुढे टॉर्शन बार आहे, म्हणजे स्प्रिंगचे काम करणारा, पिळला जाणारा पोलादी दांडा. अशा गाडीत जॅक लोअर आर्मखाली लावला तरच बॉल जॉइंटवरचा ताण उतरतो आणि खरा खेळ दिसतो. चासीखाली लावला तर टॉर्शन बार आर्मला खाली दाबून धरतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो. डस्टरसारख्या स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) असलेल्या गाडीत उलट: बॉडीच्या जॅक पॉइंटवर उचलून चाक मोकळे लोंबू द्यायचे.

एक सूचना कळकळीची. आपल्याकडे अंगणात जांभ्या दगडाचे चिरे पडलेलेच असतात. चाकाला अडण म्हणून चिरा चालेल, गाडीखाली टेकू म्हणून कधीही नाही. तो वजनाखाली अचानक फुटतो. नुसत्या जॅकच्या भरवशावरही खाली शिरू नका, लोखंडी स्टँड लावा.

शॉकअप खरेच गेले का?

बॉनेट दाबून गाडी झुलवण्याची चाचणी जड एसयूव्हीत फारशी कामाची नाही. पूर्ण मेलेला शॉकअप तेवढा त्यात सापडतो. त्यापेक्षा खराब रस्त्यावर १० किलोमीटर गाडी चालवा, थांबा आणि एकाच एक्सलच्या दोन्ही शॉकअपना हात लावा. काम करणारा कोमट-गरम लागतो, बसलेला थंड. सायलेन्सरजवळचा तसाही तापतो, हे लक्षात ठेवा. शॉकअपवर तेलकट धूळ असणे चालते, ओघळ असेल तर बदला. बदलताना एका एक्सलची जोडी बदलावी, चारही बदलायलाच हवेत असे नाही. बंप स्टॉपचे (सस्पेन्शन टोकाला आपटू नये म्हणून असलेले) रबर गळून पडले असेल तर मोठ्या खड्ड्यात धप्पकन आवाज येतो आणि त्याचा आळ शॉकअपवर जातो.

गाडी एका बाजूला बसली

सपाट जागी, टायरची हवा सारखी करून, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंना माप घ्या. डाव्या-उजव्यात १५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी दाखवा. कॉइल स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तांबड्या चिखलात आणि खाऱ्या दमटपणात गंजून तुटतो. तुटलेले टोक टायरला घासू शकते, म्हणून यात दिरंगाई नको. टॉर्शन बारचा बोल्ट फिरवून गाडी उचलून देता येते, पण आधी बसण्याचे कारण शोधायला हवे. शिवाय त्यानंतर अलाइनमेंट बिघडते.

मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाडीत, बोलेरो किंवा क्वालिसमध्ये, तुटलेला पाटा आणि पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट पाहा. सेंटर बोल्ट तुटला तर एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर दोन्ही बाजूंनी मोजले की कळते. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घातले असतील तर ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या.

पावसाआधीचे तेल

जूनच्या तोंडावर गंज नको म्हणून खालून डिझेल किंवा जुने इंजिन ऑइल मारून घेण्याची पद्धत अजून आहे. लोखंडाला ते बरे वाटते, पण रबरी बुश तेलाने फुगतात आणि मऊ पडतात. कुरकुरणाऱ्या बुशवर तेल सोडणे हेही तसेच. आवाज आठवडाभर जातो, बुश कायमचा. गंजासाठी अंडरबॉडी कोटिंग करा आणि ते करताना बुश, ब्रेक व सायलेन्सर झाकून घ्या.

यायच्या आधी डिकीतला जॅक, पाने आणि खालची स्टेपनी घट्ट आहे का पाहा. 'मागचे सस्पेन्शन' म्हणून दाखवलेला खडखडाट कधी कधी तिथेच सापडतो. आवाज किती वेगाला, कुठल्या बाजूला वळताना, सुक्यात की पावसात, हे कागदावर लिहून आणा. आवाज ज्याने ऐकला तोच गाडी घेऊन आला तर उत्तम, कारण आम्ही त्याला शेजारी बसवून फेरी मारतो. आणि गाडी खालून धुऊन आणू नका. तेलाचा ओघळ आणि घासल्याच्या चकचकीत खुणा आम्हाला पाहायच्या असतात.