घाम वाळला तरच थंडावा

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात दरवर्षी जूनअखेरीस ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही शर्यत होते. ऑलिम्पिक व्हॅलीतून पहाटे 5 वाजता निघायचं आणि 30 तासांच्या आत ऑबर्न गाठायचं. अंतर 100.2 मैल, म्हणजे सुमारे 161 किलोमीटर. 1974 मध्ये गॉर्डी एन्सली हा घोडेस्वार याच वाटेवरच्या ‘टेव्हिस कप’ या घोड्यांच्या शर्यतीत घोड्याविना, स्वतःच्या पायांवर धावला आणि 23 तास 42 मिनिटांत पोचला. या शर्यतीचं मूळ तिथलं.

पहिल्या चढावर काही वर्षी बर्फ असतो. दुपारी मात्र खोल दऱ्यांमध्ये पारा चाळिशी ओलांडू शकतो, आणि खरी परीक्षा तिथेच. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिच्यातली सुमारे तीन चतुर्थांश उष्णता होऊन शरीरातच उरते. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की ती उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग राहतो: घामाचं बाष्पीभवन. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळला तर जवळपास काहीच नाही. तिथली कोरडी हवा त्यामुळे धावपटूला साथ देते. मुंबईच्या दमट मे महिन्यात पारा कमी असूनही धावणं जीवघेणं वाटतं ते याचमुळे.

घाम तयार व्हायला त्वचेकडे रक्त हवं, स्नायूंनाही हवं, आणि रक्त तर तेवढंच. मग आतड्यांचा वाटा कापला जातो. पोट ढवळतं, उलट्या होतात, अन्न आत राहत नाही. पाय शाबूत असलेले कितीतरी धावपटू पोटामुळे शर्यत सोडतात.

अशा वेळी ‘पाणी पी, अजून पी’ असा आग्रह करणं मला धोक्याचं वाटतं. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं, तर रक्त पातळ होऊन त्यातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, लिटरमागे 135 मिलिमोल या सुरक्षित पातळीच्या खाली उतरू शकतं. या लांब शर्यतींत शरीर जास्तीचं पाणी लघवीवाटे टाकायचंही थांबवतं. मेंदूला सूज येऊन माणूस दगावू शकतो. शर्यतीत वजन वाढलं तर ती धोक्याची खूण असते. पिणं चालूच राहिलं तर मिठाच्या गोळ्याही वाचवत नाहीत. तहान लागेल तेवढंच प्यावं.

पाणी अंगावर ओतलेलं मात्र फार कामाचं. धावपटू गळ्याभोवतीच्या रुमालात बर्फ भरतात, टोपी ओढ्यात बुडवतात, वाटेतल्या प्रत्येक प्रवाहात बसून घेतात. त्यातून त्वचा गार होते आणि हृदयावरचा भार उतरतो.

मोठी तयारी आधीच झालेली असते. दहा ते चौदा दिवस रोज उन्हात किंवा सॉनात (अंग शेकायच्या गरम खोलीत) अंग तापवलं, की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. हा बदल टिकाऊ नाही. सराव थांबला की काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून अनुभवी धावपटूसुद्धा दर जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून अंग तापवायला बसतात.