शीघ्र हस्तक्षेप कुटुंबसेवा समन्वयकांचे प्रशिक्षण

बाळ वेळेत मान धरत नाही, हाकेला वळून पाहत नाही, पाऊल वाकडे आहे अशी शंका आल्यापासून मूल शाळेत रुळेपर्यंत त्याच्या कुटुंबाला तपासणी, थेरपी, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, योजना आणि अंगणवाडी यांच्याशी जोडून देणारी व्यक्ती म्हणजे कुटुंबसेवा समन्वयक. उपचार तिने करायचे नसतात. ते मधेच सुटू नयेत हे पाहायचे असते. या कामाला लागणारे ज्ञान आणि सवयी सेवेत आल्यावरही वाढवत नेण्याच्या व्यवस्थेचा विचार येथे सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

अमेरिकेत १९८६ च्या कायदादुरुस्तीने जन्म ते तीन वर्षे वयाच्या बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप सेवा, म्हणजे विकासातील अडचण लवकर ओळखून लगेच सुरू होणारी मदत, आणि प्रत्येक कुटुंबाचा लेखी आराखडा आला. हा आराखडा सांभाळणाऱ्या माणसाला तेव्हा ‘केस मॅनेजर’ म्हणत. आम्ही केस नाही आणि आम्हाला कुणी मॅनेज करायला नको, असा पालकांचा आक्षेप होता. १९९१ च्या दुरुस्तीत ते नाव जाऊन ‘सेवा समन्वयक’ आले. तेथे बालकाची नोंद झाल्यापासून ४५ दिवसांत आराखड्याची पहिली बैठक आणि दर सहा महिन्यांनी फेरआढावा घ्यावा लागतो. या मुदती पाळण्याची जबाबदारी समन्वयकावर असते.

भारतात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यात जन्मतः व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील तीसहून अधिक स्थितींसाठी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. दोन आयुष डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाते. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, रचना आहे. तिच्या मनुष्यबळात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचातज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, समाजसेवक, व्यवस्थापक असे सगळे आहेत. कुटुंबसेवा समन्वयक या नावाचे पद मात्र नाही. हे काम आशाताई, त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, अंगणवाडीताई, पथकातील सिस्टर आणि समाजसेवक यांच्यात वाटले गेले आहे. संदर्भाची, म्हणजे बाळाला पुढच्या तपासणीला पाठवल्याची, चिठ्ठी एवढ्या हातांतून फिरते आणि ती कुठे अडकली हे विचारायला आईने नेमके कुणाकडे जायचे, हे ठरलेले नसते. म्हणून सोलापुरात प्रशिक्षणाचा पहिला प्रश्न ‘काय शिकवायचे’ हा नसून ‘कुणाला शिकवायचे’ हा आहे.

अंतर हा दुसरा मुद्दा. जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि करमाळा किंवा माळशिरसहून सोलापूर शंभरावर किलोमीटर पडते. ‘सिव्हिलला जा’ एवढे सांगून संदर्भ पूर्ण झाला असे मानणाऱ्या कर्मचाऱ्याला एसटीचे भाडे, बुडणारा रोज आणि घरी राहिलेली दुसरी पोरे यांचा हिशेब मांडायला शिकवावे लागते. एकाच फेरीत बालरोगतज्ज्ञ, कानाची तपासणी आणि प्रमाणपत्राचे काम बसवून देणे हे कौशल्य आहे आणि ते सरावाने येते.

वैद्यकीय माहिती समन्वयकाला तारखांच्या रूपात पाठ असावी लागते. ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो. उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. श्रवणदोषासाठी एक-तीन-सहा हे सूत्र आहे: पहिल्या महिन्यापर्यंत प्राथमिक चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. आशाताईच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातील गृहभेटी हा यासाठी आयता मिळालेला आधार आहे. त्या भेटीत वजनाबरोबर हे प्रश्नही विचारले गेले पाहिजेत.

समन्वयाची खरी परीक्षा वाकड्या पायाच्या, म्हणजे क्लबफूटच्या, बाळात होते. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ केला जातो. पाय सरळ दिसला की घरचे खूश होतात. पण पुढे तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपताना दांडीचे, म्हणजे मधल्या दांडीने एकमेकांना जोडलेले, बूट घालावे लागतात. लेकरू रडते, आजी म्हणते पाय तर नीट झाला, बूट फळीवर जातो आणि पाय पुन्हा वळतो. हे शिकवताना अस्थिरोगाच्या तासापेक्षा आजीशी बोलण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो, हे बहुतेक आराखड्यांत विसरले जाते.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट बाजूला कन्नड, अनेक मोहल्ल्यांत दख्खनी आणि सगळीकडे मराठी. ‘बाळ दोन शब्द जोडून बोलते का’ असे मराठीत विचारले, तर घरात तेलुगू बोलणारे मूल उगाच मागे दिसते. उलट, दोन भाषांमुळे उशीर होतोय असे म्हणून खरा विलंब दुर्लक्षिला जातो. दोन भाषा ऐकल्याने वाचाविकार होत नाही, आणि घरची भाषा सोडून मराठीच बोला असा सल्ला देऊ नये, हे दोन्ही प्रशिक्षणात स्पष्ट सांगावे लागते. मामा-भाचीच्या किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नाबद्दलचा प्रश्नही असाच नाजूक. जन्मजात बहिरेपणाच्या तपासात तो विचारावा लागतो, पण सासरच्यांसमोर विचारला तर सगळा दोष आईच्या माथी बसतो.

प्रशिक्षणाचा गाभा मुलाखतीत आहे. घरचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत विचारत जाण्याची एक पद्धत आहे. तिचा सराव वर्गात एकीने आई आणि दुसरीने समन्वयक होऊन केला जातो. समजा, घर विडी कामगाराचे आहे. मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूपाने आणि तंबाखू, बोटे थांबत नाहीत कारण हजाराचा आकडा गाठायचा आहे. बाळ पाळण्यात उताणे, मान अजून धरलेली नाही. नवखी समन्वयक फॉर्म काढून जन्मवजनापासून सुरू करते. जाणती आधी विचारते, ‘सकाळी पहिला चहा कुणाचा?’ त्यातून कळते की दहाला सासू मोकळी होते आणि दुपारी शेजारीण येऊन बसते. मग बाळाला दिवसातून तीनदा पोटावर ठेवायचे ते तंबाखूच्या सुपापासून दूर, सासूच्या चटईवर, हे ठरते. फिजिओथेरपिस्टचा सल्ला तोच. पण तो आता त्या घरात बसतो.

योजनांची माहिती दरवर्षी ताजी करावी लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची एक लाख रुपयांपर्यंतची निरामय आरोग्यविमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच गटांसाठी आहे. हा फरक ठाऊक नसला की कुटुंबाला नाहक हेलपाटे पडतात.

विशेष शिक्षक आणि श्रवण व वाचातज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असतात आणि नोंदणी टिकवायला त्यांना निरंतर पुनर्वास शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. आशा आणि अंगणवाडीताई या चौकटीबाहेर राहतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली, त्यामुळे निदान अंगणवाडीच्या बाजूने दार उघडले. तरी एक दिवसाची कार्यशाळा, चहा-नाश्ता आणि सही एवढ्यावर काम भागत नाही. शिकलेले हातात बसते ते नंतर कुणी अनुभवी व्यक्ती सोबत गृहभेटीला आली, परत येताना ‘तिथे तू घाईने का उत्तर दिलेस?’ असे विचारले, तेव्हा.

शेवटचा विषय हस्तांतराचा. सहाव्या वर्षी अंगणवाडीतून शाळेत जाताना फाइलमध्ये निदान, अहवाल, यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, प्रत असतेच. प्रशिक्षणात त्यावर आणखी एक पान लावायला सांगतात. ते आईच्या शब्दांत लिहायचे असते. बाळाला काय आवडते, कशाने घाबरते, लघवीला जायचे कसे सांगते. पहिलीच्या बाईंना पहिल्या दिवशी लागते ते हेच पान.