लोकरीच्या कोठाराची घरे कशी झाली : बायबरीच्या ‘आर्लिंग्टन रो’ची पार्श्वभूमी

इंग्लंडमधले खेडे म्हटले की डोळ्यांसमोर जे चित्र येते, ते बहुतेक वेळा ग्लॉस्टरशायरमधल्या बायबरी गावाचे असते. कोल्न नावाची उथळ नदी, तिच्यावरचा लहानसा दगडी पूल आणि पलीकडे एकमेकींना चिकटून उभी असलेली मधाच्या रंगाची घरे. या घरांच्या ओळीचे नाव आर्लिंग्टन रो. काही वर्षे ती ब्रिटिश पासपोर्टच्या आतल्या मुखपृष्ठावरही होती. पाहणाऱ्याला वाटते की कोणा हौशी माणसाने ही घरे देखणी दिसावीत म्हणूनच बांधली असणार. पण ती देखणेपणासाठी तर बांधलेली नाहीतच, मुळात ती घरे म्हणूनही बांधलेली नाहीत.

१३८० च्या सुमारास इथे एक लांबलचक इमारत उभी राहिली, ती मठाची लोकर साठवण्यासाठी. त्या काळी या भागातल्या कॉट्सवोल्ड्स नावाच्या टेकड्यांवर मेंढ्यांचे कळप चरत आणि त्यांच्या लांब धाग्याच्या लोकरीला फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमचा भाग) आणि इटलीतले व्यापारी रोख पैसे मोजत. लोकर ही तेव्हाच्या इंग्लंडची खरी तिजोरी होती. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सभापती आजही लोकर भरलेल्या लाल गादीवर बसतात, ती याच संपत्तीची खूण. कोठाराला खोल्या लागत नाहीत, चुली लागत नाहीत, खिडक्याही फारशा लागत नाहीत. लागते ती कोरडी, उंच छपराची एकसलग जागा.

पुढे आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त केले आणि त्यांच्या जमिनी खासगी हातांत गेल्या. व्यापारही बदलला होता. कच्ची लोकर परदेशी पाठवण्यापेक्षा इथेच कापड विणून विकण्यात जास्त नफा होता. सतराव्या शतकात या कोठारात आडव्या भिंती घातल्या गेल्या आणि त्याचे तुकडे करून विणकरांची बिऱ्हाडे तयार झाली. आपल्याकडच्या चाळीसारखा प्रकार झाला : छप्पर सलग, मधल्या भिंती सामाईक, दार मात्र ज्याचे त्याचे.

आजचा सगळा ‘गोंडस’ वेडेवाकडेपणा या फेरफारातून आला. मूळ इमारतीला मजला नव्हता, त्यामुळे माळा छपराखालीच घालावा लागला. तिथे उजेड यायचा तर वळचण मध्येच तोडून पुढची भिंत त्रिकोणी टोकापर्यंत चढवायची आणि तिच्यात खिडकी बसवायची. ज्याला जिथे गरज पडली तिथे त्याने तसे केले. म्हणून हे त्रिकोण ना एका उंचीचे, ना सारख्या अंतरावर. प्रत्येक बिऱ्हाडाला धुराडे लागले, तेही सोयीनुसार वर निघाले. शिवाय जमीन चढाची. शेजारच्या चढाच्या रस्त्याचे नावच ‘ऑकवर्ड हिल’ आहे! एवढ्यावर एकाही वास्तुशास्त्रज्ञाची सही नाही.

विणलेले कापड जवळच्या आर्लिंग्टन मिलमध्ये जाई. तिथे पाण्याच्या जोरावर चालणारे लाकडी हातोडे ते ओले कापड कुटत. लोकरीतले तेल निघावे म्हणून त्यात एक खास माती घालत, आपल्या मुलतानी मातीच्या जातीची. कुटल्यावर कापड आटून दाट होई. मग ते घरांसमोरच्या पाणथळ कुरणात लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळत घालत. त्या कुरणाला आजही रॅक आयल म्हणतात. पर्यटक जिथे पाणपक्ष्यांचे फोटो काढतात, ते एके काळी कारखान्याचे वाळवण होते.

या धंद्याचे धागे भारतापर्यंत येतात. भारतातून येणाऱ्या छापील सुती कापडाने इंग्लंडमधले लोकरीचे आणि रेशमाचे विणकर धास्तावले. त्यांच्या दबावाखाली पार्लमेंटने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून त्या कापडावर बंदी घातली. दुसरीकडे, याच ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडच्या खोऱ्यातले जाड लोकरी कापड ईस्ट इंडिया कंपनी पूर्वेकडे विकायला आणत होती. पेशवाईच्या कागदांत ‘बनात’ म्हणून भेटते, ते याच प्रकारचे विलायती कापड. मुक्त व्यापाराचे धडे इंग्रजांनी जगाला दिले ते बरेच नंतर.

आता दगडाविषयी, कारण या घरांचे निम्मे रूप त्यातच आहे. हा चुनखडीचा दगड सुमारे सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात तयार झाला. भिंगातून पाहिले तर माशाच्या अंड्यांसारखे गोल दाणे दिसतात. पिवळसर झाक लोहाची. खाणीतून काढल्या काढल्या तो ओलसर आणि मऊ असतो, करवतीने कापता येतो. हवा लागून वाळला की कडक होतो. खाणी जवळपासच्याच असत. दगड लांबून आणणे म्हणजे बैलगाडीचे भाडे आणि वेळ, ते विणकराच्या मालकाला कुठले परवडणार!

छपरावरही दगडच. ठरावीक खाणींतले थरांचे दगड हिवाळ्याच्या तोंडाशी बाहेर काढून ओले ठेवत. थरांमधले पाणी गोठून फुगले की दगड आपोआप पापुद्र्यांत सुटे. कारागीर मग त्या पातळ फरश्या ठोकून आकाराला आणी आणि वरच्या टोकाला भोक पाडी. त्यात ओकची खुंटी घालून फरशी आतल्या रिपेवर लटकवायची. सर्वांत मोठ्या फरश्या वळचणीला, आणि वर आढ्याकडे जाताना त्या लहान लहान होत जातात. यात शोभा आहेच, पण हिशेबही आहे : जड माल भिंतीच्या डोक्यावर बसतो, आणि खाणीतून निघालेला लहानसा तुकडाही वाया जात नाही. कारागिरांनी या मापांना ‘बॅचलर’, ‘विव्हेट’ अशी नावेही ठेवली होती. फरश्या खडबडीत, सांधे मोकळे. पाणी झटकन ओघळावे म्हणून उतार पन्नास अंशांच्या आसपास ठेवावा लागे. असे छप्पर अतिशय जड असते, म्हणून भिंतीही जाड.

मग हे सगळे टिकले कसे? सरळ उत्तर म्हणजे गरिबी. वाफेची यंत्रे आली तसा लोकरीचा धंदा कोळशाच्या जवळ, यॉर्कशायरमध्ये गेला. कॉट्सवोल्ड्सची गावे मागे पडली. पाडून नवे बांधायला कोणाकडे पैसाच नव्हता. जिथे भरभराट झाली तिथल्या जुन्या वस्त्या विटांच्या गिरण्यांखाली गेल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी डोळ्यांना हे मागासलेपण एकदम सुंदर दिसू लागले. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस १८७१ पासून थोड्या अंतरावरच्या केल्म्स्कॉटला राहत असे. बायबरी हे इंग्लंडमधले सर्वांत सुंदर गाव, हे मत त्याच्याच नावावर सांगितले जाते. १८७७ मध्ये त्याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुने पाडून ‘जुन्यासारखे’ नवे करण्याला तिचा विरोध होता आणि डागडुजी तेवढी करावी असा आग्रह. हेन्री फोर्डची आवड वेगळी. त्याची नजर आर्लिंग्टन रोवर होती असे म्हणतात. ती ओळ त्याला मिळाली नाही. पण जवळच्या चेडवर्थ गावातले एक दगडी घर त्याने खरोखरच विकत घेतले, दगड न् दगड सुटा करून जहाजाने नेले आणि मिशिगनमधल्या आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. मोटारींनी खेडी पालटून टाकणाऱ्याच माणसाला ही हौस असावी, यात नवल वाटू नये.

आर्लिंग्टन रो १९२० च्या दशकाच्या अखेरीस रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सच्या पुढाकाराने वाचली. १९४९ पासून ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. संरक्षित इमारतींच्या यादीत ती पहिल्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत आहे. घरांत भाडेकरू राहतात, एक घर ट्रस्ट सुटीसाठी पर्यटकांना देतो. दुरुस्ती चुन्यातच करावी लागते, कारण सिमेंट ओल कोंडून ठेवते आणि मऊ दगड पोखरला जातो. छपराच्या फरश्यांची अडचण त्याहून मोठी. थंडीने दगड फोडण्याचा धंदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ बंद पडला, त्यामुळे अनेकदा जुनी कोठारे उतरवून निघालेला मालच वापरावा लागतो.

गर्दीचा प्रश्न अलीकडचा. अरुंद रस्त्यांवर प्रवासी बसची रीघ लागू लागली, तेव्हा २०२५ मध्ये काउंटी कौन्सिलने मोठ्या बस गावात थांबण्यावर प्रायोगिक निर्बंध आणले.