३१५ बोर आपल्या गळ्यात कुणी बांधला? थोडी पार्श्वभूमी

सगळ्या कामाला चालेल अशी एकच रायफल घ्यायची तर कुठल्या बोरची, म्हणजे नळीच्या कुठल्या मापाची, हा प्रश्न आपल्याकडे परत जोरात आला तो २०१९ नंतर, कारण कायदा बदलला आणि एका लायसनवर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची असं ठरलं. त्याआधी एक बारा बोर (छऱ्यांची बंदूक), एक पॉइंट टू टू आणि एक मोठी रायफल असं आरामात बसायचं. आता बारा बोर आजोबांपासून आलेली म्हणून कोणी सोडत नाही, मग उरते एकच जागा आणि तिच्यात सगळं कोंबायचं. दुकानात गेलात तर मोठ्या बोरमध्ये समोर येणार ते बहुतेक ३१५ (म्हणजे ०.३१५ इंच), नाहीतर अमेरिकन ३०-०६. बाहेरच्या देशात लोक पंधरा-वीस कॅलिबरमधून निवडतात, आपल्याकडे एवढंच का, याचं उत्तर बॅलिस्टिक्समध्ये नाही, जुन्या बंदीत आहे.

सुरुवात थ्री नॉट थ्री, म्हणजे ३०३ पासून. हे काडतूस १८८८-८९ च्या सुमारास ब्रिटिश फौजेत आलं आणि लगेच शिकारीलाही वापरलं जायला लागलं, कारण मिळायला सोपं. पण सरकारला धास्ती अशी की फौजेच्या कोठारातून चोरलेली काडतुसं बाहेरच्या रायफलींत चालली तर बंडखोरांचं फावेल. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत हिंदुस्थानात सामान्य माणसाला ३०३ आणि ४५० हे दोन्ही बोर बंद झाले. मोठ्या जनावरांसाठी ४५० वापरणाऱ्यांना इंग्लंडच्या कारागिरांनी ४६५, ४७० असे शेजारचे बोर काढून दिले, ते महाराजे आणि साहेब लोकांचं प्रकरण, आपण सोडून देऊ. कुमाऊँच्या जिम कॉर्बेटकडे २७५ होती, म्हणजे जर्मन ७ मिमी माउझरच, फक्त इंचात मोजलेली.

आपल्या कामाचं आहे ते ३०३ च्या जागी काय आलं ते. बर्मिंगहॅमला लीच्या अ‍ॅक्शनवर (३०३ चीच बोल्टची यंत्रणा) रायफली बनतच होत्या, त्याच अ‍ॅक्शनमध्ये बसेल असं रिमवालं (बुडाला बाहेर आलेली कडा असलेलं) पण आपल्या फौजेत नसलेलं काडतूस हवं होतं, ते सापडलं ऑस्ट्रियाच्या फौजेचं, १८९० च्या आसपासचं ८×५० आर. रिम जवळजवळ ३०३ एवढीच, पण केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, ५६ ऐवजी ५० मिमी आणि नळी रुंद, त्यामुळे ३०३ चं काडतूस तिच्यात घातलं तर बोल्ट बंद होणार नाही. आठ मिलिमीटरचे इंच करून बघा, ०.३१५ येतात. एवढंच आहे ते ३१५. ‘३०३ चंच तोंड मोठं करून ३१५ बनवलं’ असं आपल्याकडे अगदी जाणती माणसंसुद्धा सांगतात, ते खरं नाही, केस वेगळी आहे.

स्वातंत्र्यानंतर वाटलं होतं की हे बदलेल. बदललं नाही, उलट पक्कं झालं. १९५९ चा कायदा आणि १९६२ चे नियम आले आणि जुनी भीती परिशिष्टात जाऊन बसली. ३०३ किंवा ७.६२ मिमी बोरच्या बोल्ट अ‍ॅक्शन आणि सेमी-ऑटो रायफली, आणि त्या सर्व्हिस काडतुसांना चेंबर करून (नळीच्या मागच्या खोलीत बसवून) उडवू शकेल असा दुसरा कुठलाही बोर, हे सगळं पीबी (प्रोहिबिटेड बोर, म्हणजे बंदी असलेला), बाकीच्या साध्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफली एनपीबी (नॉन-प्रोहिबिटेड). एनपीबीचं लायसन जिल्ह्यात मिळतं, पीबीसाठी फाइल दिल्लीला. ७.६२ त्यात आलं कारण त्याच काळात फौज ३०३ सोडून ७.६२×५१ कडे निघाली होती. आणि त्याचंच सिव्हिलियन जुळं भावंड म्हणजे ३०८, १९५२ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेलं, जे जगभर ‘एकच घ्यायची तर हीच घ्या’ म्हणून विकलं जातं, रानडुकरापासून हजार यार्डाच्या टार्गेटपर्यंत, तेच आपल्याला बंद. (पिस्तुलाचंही तसंच, सर्व्हिस ९ मिमी बंद म्हणून घरोघरी पॉइंट ३२.)

आता खरा गुंता. नियमात शब्द आहे ‘बोर’. बोर म्हणजे नळीचं आतलं माप, काडतूस नव्हे. नळीतही माप दोन ठिकाणी घेता येतं, गोळीला फिरवणाऱ्या आतल्या आट्यांच्या कडांवर किंवा आट्यांच्या खोबणीत, आणि कुठल्या देशाने काय मोजून नाव ठेवलं याला धरबंध नाही. ३०३ ची गोळी प्रत्यक्षात ०.३११ इंचाच्या आसपास, ३१५ ची ०.३२३, ३०८ ची मात्र खरंच ०.३०८. आणि ३०-०६ ची? तीही ०.३०८. म्हणजे अक्षरशः वाचलं तर ३०-०६ चा बोर ७.६२ मिमीच आहे! तरी ती एनपीबी धरली जाते, सरकारी कारखाना स्वतः बनवून विकतो, कारण तिची केस ६३ मिमीची, सर्व्हिसचं ५१ मिमीचं काडतूस तिच्या चेंबरमध्ये धड बसत नाही (कुणी करून बघूही नये, जीवावर बेतेल). म्हणजे वाक्याचा दुसरा अर्धा भाग धरला आणि पहिला सोडला. निकाल चांगलाच लागला, मला आनंद आहे, पण वारसाने ट्रान्सफर मागितली आणि टेबलावरच्या क्लार्कने पहिला अर्धा वाचला की माणूस अडकतो. नियमात नुसतं काडतुसाचं पूर्ण नाव लिहिलं असतं, ७.६२×५१ असं, तर हा गोंधळ उरलाच नसता. साठ वर्षांत दुरुस्त्या बऱ्याच झाल्या, ही एक झाली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्वीडन-नॉर्वेमध्ये उलटं झालं. तिथं १८९४ चं ६.५×५५ फौजेचंच, तेच लोकांनी टार्गेटला वापरलं, तेच एल्कच्या शिकारीला, म्हणून शंभर वर्षांत त्याच्यावर एवढं काम झालं. आपलं ३१५ तिथंच थांबलं जिथं ऑस्ट्रियाने सोडलं होतं: २४४ ग्रेन वजनाची जड मऊ नाकाची गोळी, सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास. शंभर मीटरवर रानडुकराला पुरेशी, दोनशेच्या पुढे मात्र पडतच जाते. रायफल इशापूरच्या सरकारी कारखान्याची, काडतूस आपल्या खडकीचं. बाहेरची आणायची सोय १९८० च्या दशकात बंद झाली, नामांकित नेमबाज सोडून. त्यामुळे ३१५ एवढी पसरली की गावठी कट्टेसुद्धा बरेचसे त्याच बोरचे निघतात, बातम्यांत वाचतोच आपण. ज्या भीतीपोटी बोर बदलला ती भीती फक्त दुसऱ्या काडतुसावर गेली.

शिकारीचं म्हणाल तर १९७२ च्या कायद्यानंतर ती संपलीच, आता उरलंय ते परवानगी काढून पीक खाणारं रानडुक्कर मारणं, आणि कोकणात ते काम अजून ठासणीची नाहीतर बारा बोर करते. टार्गेट पॉइंट टू टूवर आहे. कोल्हापूरच्या पोराने २०२४ ला पॅरिसला ब्राँझ आणलं ते ५० मीटरवर याच छोट्या काडतुसाने. तिथं मोठा बोर परवडतच नाही, कारण लायसनवर वर्षाची काडतुसं मोजून आणि सरावाला लागतात ढिगाने.

म्हणून आज कोणी विचारलं तर मी ३०-०६ सांगतो, १५० ते १८० ग्रेनच्या गोळ्या, ३१५ पेक्षा खूप सपाट मार, लांब रेंज मिळाली तर टार्गेटही होतं. पण काडतूस आधी बघा, रायफल नंतर. तुमच्या जिल्ह्यातल्या दुकानात ३०-०६ ची पेटी येत नसेल तर ३१५ च बरी, खडकीची काडतुसं निदान मिळतात.