कॅमेरा घरचा, पण चित्र कुठल्या वाटेनं जातं?

नागपूरच्या घरात वाय-फाय कॅमेरा लावायचा असेल तर आधी कूलर कुठे बसतो ते बघावं. राउटरच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी विटांच्या भिंतीतून थोड्या क्षीण होऊन पार जातात. कूलरची पत्र्याची बॉडी त्यांना परत फेकते आणि ओल्या वाळ्याच्या ताट्यांमधलं पाणी उरलेल्यातला काही भाग शोषून घेतं. फेब्रुवारीत सुरळीत चालणारा कॅमेरा एप्रिलमध्ये अडखळू लागला, तर कंपनीला शिव्या घालण्याआधी खिडकीकडे नजर टाका. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान खरा, पण भिंतींपुढे तो लवकर दमतो. स्वस्त कॅमेरे तर बहुतेक २.४ वरच चालतात.

पश्चिमेची भिंतही टाळलेली बरी. मे महिन्यात इथला पारा सावलीतच ४५ अंशांवर जातो आणि पुष्कळ कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात कमाल तापमान ५० अंश असतं. खिडकीच्या काचेआडही ठेवू नका. रात्री कॅमेऱ्याचा अवरक्त प्रकाश काचेवरून उलटतो आणि चित्र पांढरंफटक दिसतं.

इथवर सगळं सोपं. आई-बाबा धंतोलीत आणि लेक पुण्यात नोकरीला असेल, तर तिच्या फोनवर हे चित्र पोचतं कसं, हा खरा प्रश्न. कॅमेऱ्याला राउटरनं दिलेला पत्ता १९२.१६८ असा काहीतरी असतो आणि तो घराबाहेर चालत नाही. राउटर अपार्टमेंटच्या चौकीदारासारखा वागतो: आतल्या कोणी काही मागवलं असेल तर ते आत सोडतो, न बोलावता आलेल्याला फाटकावरूनच परत पाठवतो.

जुनी युक्ती म्हणजे फाटकालाच भोक पाडणं, अर्थात पोर्ट फॉरवर्डिंग: बाहेरून आलेल्याला थेट कॅमेऱ्यापर्यंत सोडायला राउटरला सांगून ठेवणं. यूपीएनपी नावाची सोय राउटरमध्ये चालू असेल तर काही कॅमेरे हे भोक मालकाला न विचारताच पाडून घेतात. अशी भोकं हुडकत इंटरनेटभर स्वयंचलित प्रोग्रॅम अखंड फिरत असतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमनं साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या आजमावून लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या पेट्या) आणि राउटर ताब्यात घेतले. ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ छापाच्या जोड्या त्यात होत्याच. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या फौजेनं संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या ‘डाइन’ (Dyn) कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. गंमत अशी, की मालकांचे कॅमेरे या काळात चित्रही दाखवू शकत होते, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं.

आज आपल्याकडच्या अनेक इंटरनेट जोडण्यांवर ही युक्ती चालतच नाही. कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक बसवतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्हीही त्यातलेच. माझ्या मते हे बरंच आहे.

म्हणून हल्लीचे कॅमेरे स्वतःच बाहेर, कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधतात. लेकीचं अ‍ॅपही तिथेच पोचतं. मग सर्व्हर दोघांची थेट गाठ घालून देतो किंवा चित्र स्वतःमार्फत पुढे पाठवतो. भोक नको, पण भरवसा कंपनीवर. अशा वेळी घराची किल्ली म्हणजे अ‍ॅपचं खातं. त्याला दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड द्या, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्रॅम, अद्ययावत ठेवा आणि राउटरमधलं यूपीएनपी बंद करा. कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर टाकला तर तो फितूर झाला तरी लॅपटॉपपर्यंत सहसा पोचत नाही. एवढं केलं की बहुतेक घरांना पुरे. बेडरूममध्ये मात्र मी कुठल्याच कंपनीचा कॅमेरा लावणार नाही.

कंपनी मध्ये नकोच असेल, तर वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून खासगी वाट काढणारा प्रोग्रॅम, काही राउटरवर बसवता येतो. लेकीचा फोन मग कूटबद्ध बोगद्यातून थेट घरच्या नेटवर्कवर येतो. त्यासाठी इंटरनेट कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा लागू शकतो.

राहिलं रेकॉर्डिंग. सेकंदाला २ मेगाबिट धरले तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट होतात. १२८ जीबीचं कार्ड सहाएक दिवसांत भरतं आणि जुनं पुसत पुढे जातं. चोर कॅमेराच उपटून घेऊन गेला तर कार्डही त्याच्याबरोबर जातं, म्हणून आरटीएसपी (चित्र दुसऱ्या यंत्राला थेट पुरवण्याची ठरलेली पद्धत) देणारा कॅमेरा घ्यावा. त्याचं चित्र कपाटातल्या जुन्या संगणकावरही साठवता येतं.