हवाई अंतर (पुण्याहून राज्यातील विमानतळांपर्यंत)

हवाई अंतर म्हणजे दोन विमानतळांमधील, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. पृथ्वी गोल असल्याने ही सरळ रेघ नसते. ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते, त्या बृहद्वृत्ताचा तो कंस असतो. मोजणी प्रवाशांच्या इमारतीपासून होत नाही. प्रत्येक विमानतळाला एक अधिकृत संदर्भबिंदू असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश धरले जातात.

पुण्याचे लोहगाव विमानतळ साधारण १८.५८° उत्तर, ७३.९२° पूर्व येथे आहे. नाशिकचे ओझर २०.१२° उत्तर, ७३.९१° पूर्व. दोघे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असल्याने हा हिशेब सर्वांत सोपा: अक्षांशाचा एक अंश सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून १.५४ अंशांचे १७१ किलोमीटर.

नागपूरसाठी (२१.०९° उत्तर, ७९.०५° पूर्व) मात्र जपून चालावे लागते. रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जातात, त्यामुळे रेखांशातील फरकाला मधल्या अक्षांशाच्या कोज्येने (कोसाइनने) गुणायलाच हवे. उत्तर-दक्षिण फरक २७९, पूर्व-पश्चिम ५.१३ × १११.२ × ०.९४१ म्हणजे ५३७; पायथागोरसच्या नियमाने अंतर सुमारे ६०५ किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत सव्वातीनशेहून किंचित जास्त नॉटिकल मैल (१ नॉटिकल मैल = १.८५२ किलोमीटर). कोज्या विसरली, तर हेच अंतर ६३५ निघते. नवशिक्याची चूक हटकून इथेच होते, म्हणून हे उदाहरण एकदा स्वतः हाताने सोडवून पाहावे.

महाराष्ट्राएवढ्या प्रदेशाला ही सपाट रीत पुरते. लांबच्या मार्गांना गोलावरचे अंतर काढणारे हॅव्हरसाइन सूत्र वापरतात, त्यात पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरतात. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने त्यातही अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो.

रस्त्याच्या अंतराशी तुलना केली की भूगोल दिसतो. सातारा-कराडमार्गे कोल्हापूरचा महामार्ग बराचसा नीट दक्षिणेला उतरतो, त्यामुळे हवाई २१७ आणि रस्त्याचे सुमारे २३० किलोमीटर यांत फार तफावत नाही. नागपूरला रस्त्याने सातशेच्या पुढे जावे लागते.

विमान प्रत्यक्षात या कंसावरून तंतोतंत उडत नाही. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे; कोल्हापूरला निघालेल्या विमानाला उड्डाणानंतर दक्षिणेकडे वळावेच लागते. शिवाय हा हवाईदलाचा तळ आहे, तेव्हा मार्ग लष्करी वापराशी जुळवून घ्यावा लागतो. उतरतानाचे वळसे वेगळेच. छोट्या मार्गावर या जादा किलोमीटरांचा वाटा मोठा पडतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना कार्बन उत्सर्जनाचा हिशेब करताना ५५० किलोमीटरांपेक्षा कमी अंतरात ५० आणि त्यापुढे ५,५०० पर्यंत १०० किलोमीटर मिळवते. त्या रीतीने कोल्हापूर २६७ आणि नागपूर ७०५ किलोमीटर होते.