गुप्त जाती (गोड्या पाण्यातील कृमी)

बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या, परंतु आनुवंशिक दृष्ट्या स्वतंत्र असलेल्या जाती. ‘जाती’ हा शब्द येथे ‘स्पीशीज’ या अर्थी घेतला आहे. वृत्तपत्रे त्याच अर्थी ‘प्रजाती’ लिहितात, तर मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत ‘प्रजाती’ म्हणजे ‘जीनस’, म्हणजे जवळच्या जातींचा गट. यातून होणारा घोटाळा जुनाच आहे.

नदीच्या गाळात डोके खुपसून शेपूट हलवत राहणारे लाल, दोऱ्यासारखे कृमी अल्परोमी गटातील, म्हणजे गांडुळाचे आप्त होत. मत्स्यपेटीच्या दुकानात ते सरसकट ‘ट्यूबिफेक्स’ म्हणून विकले जातात.

त्यांची ओळख दृढरोम (अंगावरील ताठ, राठ केस) आणि जननेंद्रिये यांवरून पटवतात. पण यांतील अनेक कृमी अपरिपक्व अवस्थेतच सापडतात, त्यामुळे जननेंद्रिये असलेला नमुना हाती येईलच असे नाही. दृढरोमांवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. ट्यूबिफेक्स ट्यूबिफेक्स (म्यूलर, १७७४) मध्ये पाण्याच्या क्षारतेनुसार केसासारखे दृढरोम कमी-अधिक होतात. याच नावाखाली यूरोपात निदान पाच वंशरेषा, म्हणजे आनुवंशिक दृष्ट्या वेगळ्या शाखा, असल्याचे १९९९ मध्ये मायटोकाँड्रिया या पेशीतील ऊर्जाघटकाच्या डीएनएवरून दिसून आले. कॅडमियम हा विषारी धातू सोसण्याची त्यांची ताकदही सारखी नव्हती. प्रदूषणाचा दर्शक म्हणून हा कृमी मोजणाऱ्यांना हे अडचणीचे आहे. लिम्नोड्रिलस हॉफमाइस्टेरी क्लापारेद, १८६२ या जगभर नोंदलेल्या कृमीच्या २०१७ मधील अभ्यासात दहा वंशरेषा वेगळ्या काढल्या गेल्या. त्या सर्वांना जातीचा दर्जा द्यावा काय, याबाबत केवळ मायटोकाँड्रियावर विसंबण्यापेक्षा पेशीकेंद्रकातील जनुकाचीही साक्ष मागणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

उगमाचा प्रश्न ब्रँकियुरा सोवर्बी या शेपटीवर कल्ले असलेल्या कृमीत विशेष गुंतागुंतीचा आहे. बेडर्ड या प्राणिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये त्याचे वर्णन केले ते लंडनमधील एका वनस्पती उद्यानाच्या कोमट पाण्याच्या हौदातून. मूळ घर मात्र उष्ण आशियात असावे असे बहुधा मानले जाते. म्हणजे नावाचे जन्मस्थान आणि जातीचे जन्मस्थान एक नव्हे.

भारतीय अल्परोमींसाठी स्टीफन्सनचा १९२३ चा ग्रंथ अजूनही पायाभूत आहे. त्यातील वर्गीकरण अर्थातच बाह्य व अंतर्गत रचनेवर बेतलेले आहे. कृष्णाखोऱ्यातील गाळात सापडलेल्या कृमीला ‘हॉफमाइस्टेरी’ म्हणणे त्यामुळे तूर्त सोयीपुरते समजावे. यूरोपीय नावाखाली स्थानिक वंशरेषा झाकली जाण्यास येथील भूगोल अनुकूल आहे: कासच्या जांभ्या सड्यावर पावसाळ्यात भरून पुढे आटणारी डबकी, कोयनेचा शिवसागर, माण व येरळेचे उन्हाळ्यात कोरडे पडणारे पात्र. वेण्णेच्या खोऱ्याने एकदा असा धक्का दिलाही आहे. आफ्रिकेतीलच समजल्या जाणाऱ्या लिम्नोक्निडा प्रजातीचा गोड्या पाण्यातील जेलीफिश विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकारंभी सातारा जिल्ह्यातील नद्यांत आढळला. या शोधात वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांचा वाटा होता. तो प्राणी कृमी नव्हे, हे खरे.

नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यास डीएनए बिघडतो, म्हणून तीव्र अल्कोहोल वापरतात. शेपटीकडचा तुकडा डीएनएसाठी घेऊन डोक्याकडचा भाग काचपट्टीवर जपतात. सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि ब्रह्मनाळला येरळा कृष्णेस मिळते. संगमाच्या वरचा आणि खालचा गाळ अशा कामी वेगवेगळा गोळा करावा लागतो.